सिंदखेडचे जाधवराव आणि जपानचे सामुराई

श्रोतेहो, जपानच्या सामुराई योद्ध्याचे नाव आता आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्याही तोंडी असते. चित्रपटांनी ते घरोघर पोचवले आहे. धन्यासाठी प्राण देणारा, दिल्या शब्दाला जागणारा, अपमान झालाच तर स्वतःच्या हाताने पोट फाडून घेणारा असा हा वीर. त्याच्या शेजारी आपल्या मध्ययुगातला मराठा सरदार उभा केला, की तो बिचारा ओशाळवाणा दिसू लागतो. आज निजामशाहीत, उद्या मोगलांकडे, परवा पुन्हा निजामशाहीत. तिकडे निष्ठा आणि इकडे फितुरी, असा सोपा हिशेब लोक मांडून मोकळे होतात. आणि या हिशेबात अगदी आरंभीच ज्यांचे नाव घेतले जाते ते सिंदखेडचे लखुजी जाधवराव आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातले.

मी जानेफळचा. आमच्याकडून मेहकर गाठायचे आणि पुढे सुलतानपूर, बीबी, दुसरबीड असे करत गेले, की सिंदखेडराजा लागते. तेव्हा मी शेजारधर्म म्हणून जाधवरावांची वकिली करतो आहे असे कोणी म्हटले, तर मला ते अमान्य करता येणार नाही. पण वकिलाचेही ऐकून घ्यावे लागते. माझे म्हणणे एवढेच, की हा हिशेब मांडताना आपण दोन निरनिराळ्या काळांची माणसे एका तागडीत घालतो. लखुजींच्या काळातला जपानी योद्धा घ्या, तो लखुजींसारखाच निघेल. आपल्या मनात जो सामुराई असतो तो नंतरचा; आणि तो घडला तो रक्तातल्या गुणांमुळे नव्हे, तर त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली म्हणून.

यासाठी आधी वतन म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. शब्द अरबी; मूळ अर्थ जन्मभूमी. मराठीत आल्यावर मात्र त्याला मातीचा, धान्याचा आणि भाऊबंदकीचा वास लागला. परगण्याचा देशमुख हा नुसता सरकारी नोकर नव्हे. पडीत जमीन लागवडीला आणायची, सारा गोळा करून द्यायचा, चोराचिलटांचा बंदोबस्त ठेवायचा, प्रसंग पडला तर माणसे घेऊन लढाईला जायचे, ही त्याची कामे. त्याबद्दल वसुलातला ठरावीक हक्क, इनाम जमीन आणि मानपान. मानपान ही गोष्ट क्षुल्लक समजू नका बरे. होळीत पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा, एवढ्यावरून आपल्याकडे डोकी फुटलेली आहेत. हे सारे वंशपरंपरेने चाले. मुलांत वाटता येई, गहाण टाकता येई, विकताही येई. सुलतान बदलला तरी देशमुख तोच. नव्या सुलतानाकडून सनद नवी करून घेतली की झाले.

सरदारी याहून वेगळी. फौज बाळगण्यासाठी राजा सरदाराला मोकासा किंवा जहागीर लावून देई. ती राजाची मर्जी असेतोवर. म्हणजे लखुजींसारखा माणूस दोन पायांवर उभा असे. एक पाय राजाच्या दरबारात आणि दुसरा स्वतःच्या परगण्यात. दरबारातला पाय केव्हाही निसटेल, परगण्यातला सहसा निसटणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक. मग दोहोंपैकी कोणत्या पायावर तो भार टाकील, सांगा पाहू.

आता जपानकडे वळू. बाराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडे भिल्लम यादवाने देवगिरीला राजधानी केली त्याच सुमारास, मिनामोतो योरितोमो नावाच्या लष्करी पुढाऱ्याने कामाकुरा गावी आपली सत्ता स्थापली. सम्राट क्योतोलाच राहिला, पूजाअर्चा आणि पदव्या त्याच्याकडे राहिल्या. तलवार मात्र योरितोमोकडे आली. १११२ नव्हे, ११९२ साली त्याला शोगुन, म्हणजे सेनापती, हा किताब मिळाला. त्याआधीच, ११८५ साली, त्याने ठिकठिकाणच्या जहागिरींवर आपली माणसे नेमण्याचा अधिकार दरबाराकडून मिळवला होता. या अधिकाऱ्याला जितो म्हणत. जितोने जमिनीची देखरेख करायची, वसूल करून क्योतोच्या मालकाला पाठवायचा, गुन्हेगार पकडायचे आणि शोगुनने हाक मारली की शस्त्र घेऊन धावायचे. बदल्यात उत्पन्नाचा वाटा. हा हक्क वंशपरंपरेचा, मुलांत वाटला जाणारा. त्या काळी मुलींनाही मिळत असे. आपल्या देशमुखाचाच हा जुळा भाऊ नव्हे काय?

जुळेपण भांडणातही दिसते. कामाकुराच्या कचेऱ्या या जितोंच्या हद्दीच्या आणि वाटणीच्या खटल्यांनी गजबजलेल्या असत. आपल्याकडे गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि कागदाने निवाडा होईना तेव्हा उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य होई. पंधराव्या शतकातल्या जपानात त्यासाठी उकळत्या पाण्यात हात घालावा लागे. दोन्हीकडचा योद्धा तलवारीइतकाच कागदाला जपणारा, आणि कागद हरला तर देवाला साक्षीला बोलावणारा.

आता लखुजी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंदखेडच्या जाधवांचे नाव निजामशाहीत वर येते. देवगिरीच्या यादवांचे आपण वंशज, असे हे घराणे सांगे. यात नवल नाही. शोगुन होताना तोकुगावा इएयासूलाही आपण मिनामोतोंच्या वंशातले असल्याचे सांगावे लागलेच होते. तलवारीने मिळवलेल्या सत्तेला जुन्या कुळाचा टिळा लागतो, मग देश कोणताही असो. लखुजींची कन्या जिजाबाई. परंपरेने तिचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा मानतात, आणि त्या दिवशी सिंदखेडराजाला आजही लाखो माणसे लोटतात. तिचा विवाह वेरूळच्या मालोजी भोसल्यांच्या मुलाशी, शहाजीशी झाला. पण सोयरीक झाली म्हणून दोन घराणी एक झाली असे नाही. खंडागळे सरदाराचा एक हत्ती दरबाराबाहेर बिथरला आणि त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर धावून गेले, ही हकिगत 'शिवभारता'त आली आहे. लखुजींचा मुलगा दत्ताजी त्यात पडला. त्याला मारणारा शहाजीचा चुलतभाऊ संभाजी. लखुजी पुढे गेले होते ते माघारी फिरले, त्यांनी संभाजीला ठार केले. मध्ये पडलेला जावईही जखमी झाला. सासऱ्याच्या बाजूने जावयाला घाव, आणि भांडण कशाचे, तर हत्तीचे! जिजाबाईंनी त्या दिवशी कोणाचे सुतक धरले असेल, हे बखरकार लिहीत नाहीत.

१६२१ साली लखुजी मोगलांना मिळाले. मलिक अंबर त्या वेळी निजामशाहीचा कर्ता पुरुष. मोगलांनी जाधव घराण्याला मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वारांच्या मनसबी दिल्या. पुढे १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला लढाई झाली तेव्हा शहाजी निजामशाहीच्या बाजूने होते आणि लखुजी मोगलांच्या. अंबराने ती जिंकली. १६२६ साली अंबर वारला आणि लखुजी काही काळाने निजामशाहीत परतले. परतले खरे, पण दुसऱ्या मुर्तजा निजामशहाच्या मनातला संशय गेला नाही. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात मुजऱ्याला गेलेले लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव असे चौघेजण दरबारातच कापले गेले. उरलेले जाधव तडक सिंदखेडला आले आणि मोगलांना मिळाले. जावई शहाजींनीही निजामशाही सोडली. जिजाबाई त्या वेळी गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी जन्मला. १६३३ साली दौलताबाद मोगलांनी घेतले आणि १६३६ साली निजामशाही संपली. चार माणसांच्या खुनाने राज्य बुडाले असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्या खांद्यावर छप्पर होते तेच खांदे त्या राजाने तोडले, हे कोणाला नाकारता येईल?

याच पिढीतला जपान पाहू. १४६७ साली सुरू झालेल्या ओनिनच्या युद्धानंतर तिकडे शंभर वर्षे जो तो लढत होता. जितो मागे पडले आणि दाइम्यो, म्हणजे मोठे प्रांताधिपती, पुढे आले. त्यांतला ओदा नोबुनागा सर्वांत प्रबळ. त्याला १५८२ साली क्योतोच्या होन्नो मंदिरात त्याच्याच सरदाराने, आकेची मित्सुहिदेने, अचानक घेरून मृत्यूच्या दाढेत लोटले. दौलताबादला धन्याने सरदार मारला, क्योतोला सरदाराने धनी मारला. पुढे १६०० साली सेकीगाहारा येथे जपानचे भवितव्य ठरवणारी लढाई झाली. कोबायाकावा हिदेआकी नावाचा जेमतेम विशीतला सरदार पंधरा हजार माणसे घेऊन टेकडीवर बसून होता. तो ज्या पक्षाचा म्हणून आला होता, ऐन दुपारी त्याच पक्षावर टेकडी उतरून तुटून पडला. इएयासू जिंकला आणि १६०३ साली शोगुन झाला. अडीचशे वर्षे टिकलेल्या तोकुगावा राजवटीच्या पायात अशी एक फितुरी चिणलेली आहे. हिदेआकीला शिक्षा तर सोडाच, मोठा मुलूख बक्षीस मिळाला.

मग निष्ठेचे ते सारे तत्त्वज्ञान आले कोठून? ते शांततेच्या काळात आले. 'हागाकुरे' हा सामुराईच्या मरणाची महती गाणारा प्रसिद्ध ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभी सांगितला गेला, आणि तो सांगणाऱ्या यामामोतो त्सुनेतोमोने उभ्या आयुष्यात एकही लढाई पाहिली नव्हती. बुशिदो हा शब्द जगभर नेणारे नितोबे इनाझो यांचे पुस्तक तर १९०० च्या सुमारास अमेरिकेत प्रसिद्ध झाले, तेही इंग्रजीत. तोवर सामुराई हा वर्गच उरला नव्हता. लढाया संपल्यावर लढाईचे नियम फार सुंदर लिहिता येतात.

दोन जुळे भाऊ ज्या वळणावर एकमेकांपासून दूर झाले ते वळण सोळाव्या शतकाच्या अखेरच्या पंधरा वर्षांतले आहे, आणि त्याचा कर्ता तोयोतोमी हिदेयोशी. हा हलक्या कुळात जन्मून नोबुनागाच्या पदरी शिपाईगिरी करत वर चढलेला माणूस. ज्या शिडीने तो चढला ती त्याने वर गेल्यावर ओढून घेतली. १५८८ साली फर्मान काढून शेतकऱ्यांजवळच्या तलवारी, भाले, बंदुका जमा करवल्या. देशभर जमिनी मोजवल्या आणि प्रत्येक मुलखाची किंमत भाताच्या मापात, कोकूत ठरवली. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर भात; एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. दहा हजार कोकूंचा मुलूख असेल तो दाइम्यो. एकदा मुलखाची किंमत आकड्यात मांडली, की एक मुलूख काढून दुसरा देणे सोपे झाले. १५९० साली खुद्द इएयासूला त्याच्या बापजाद्यांच्या प्रांतातून उचलून पूर्वेकडच्या कांतो प्रदेशात पाठवले; तिथे त्याने एदो हे ठाणे वाढवले, तेच आजचे तोक्यो. साध्या सामुराईलाही आता निवड करावी लागली: शेती ठेवायची तर तलवार खाली ठेव, तलवार ठेवायची तर गाव सोडून धन्याच्या किल्ल्याखालच्या शहरात येऊन राहा आणि भाताच्या पोत्यांत पगार घे. इएयासूच्या नातवाने १६३५ साली दाइम्योंवर आणखी एक बंधन घातले. एक वर्ष आपल्या मुलखात, एक वर्ष एदोला. बायकामुले मात्र कायमची एदोत. ओलीस म्हणायचे नाही, पण होती ती ओलीसच.

श्रोतेहो, आता लखुजींना सिंदखेडहून उचलून कोकणात नेऊन बसवायचे, असे निजामशहाच्या मनात आले असते तर? ते कोणाच्या मनातच आले नसते. मोकासा बदलता येई. वतन उपटता येत नसे. सरदाराला वचकात ठेवण्याची रीतसर व्यवस्था हाती नाही, म्हणून संशय आला की दरबारात तलवारी उपसायच्या, एवढाच उपाय त्या बिचाऱ्या राजाजवळ उरला होता.

मग आपल्याकडे हिदेयोशी का झाला नाही? माणसांची वाण नव्हती. मलिक अंबर हबशातून गुलाम म्हणून आलेला, स्वतःच्या कर्तबगारीने राज्याचा धनी झालेला. जमीनधाऱ्याची त्याची पद्धत दख्खनेत पुढे कित्येक पिढ्या नावाजली गेली. पण हिदेयोशीच्या भोवती समुद्र होता आणि अंबराच्या उशाशी बुऱ्हाणपूरला मोगल. सेकीगाहारानंतर जपानात धनी एकच उरला. रुसून जायचे तर कोणाकडे? धन्यावाचूनचा सामुराई रोनिन म्हणून रस्तोरस्ती भटके. इकडे नाराज देशमुखाला अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि दिल्ली अशी चार दारे उघडी होती, आणि चारही ठिकाणी त्याला मागणी होती. चार गिऱ्हाइके असलेल्या मालाने एकनिष्ठ राहावे, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

दुसरे कारण शेतात आहे. जपानी कुळाला गाव सोडण्याची बंदी झाली. आमच्या वऱ्हाडात, दख्खनेत, दुष्काळ पडला किंवा फौजा फिरल्या की रयत रातोरात परागंदा होई. जमीन मुबलक, कसणारा दुर्मिळ. मग पाटील-देशमुखांनी तिला कौल देऊन परत आणायचे: पहिल्या वर्षी इतका थोडा सारा, पुढच्या वर्षी त्याहून थोडा अधिक, असे चढत्या क्रमाने. हे काम दिल्लीहून आलेल्या सुभेदाराला जमण्यासारखे नव्हते. त्याला गावाच्या ओळखीचाच माणूस लागे. म्हणून प्रत्येक राजाला देशमुख नकोसाही वाटे आणि हवासाही वाटे. शिवाय आपला कुणबी हत्याराला कधीच पुरता पारखा झाला नाही. पावसाळाभर नांगर धरायचा, दसऱ्याला सीमोल्लंघन करून भाला घेऊन मुलुखगिरीला निघायचे. अशा माणसांच्या घरातनं तलवारी गोळा करायला कोण जाणार होता?

एका पुरुषाने मात्र हे करून पाहिले, आणि तो लखुजींचाच नातू. शिवाजीमहाराजांनी वतनदारांचे गावोगावचे कोट-बुरूज पाडले, त्यांचे हक्क ठरवून दिले, मनमानी वसूल बंद केला, फौजेला शक्य तितका रोख पगार दिला, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. ज्यांच्या आजोळी आणि घरी दोन्हीकडे वतनाचे रक्त, त्यांनीच वतनदाराला वेसण घातली, यातली मौज मला नेहमीच मोठी वाटते. घराण्याचे दुखणे घरच्यालाच नीट कळते. वतने त्यांनी खालसा केली नाहीत. तेवढे करायला त्यांनाही सवड मिळाली नाही. १६८९ नंतर औरंगजेब सनदा वाटून मराठे फोडू लागला, तेव्हा जिंजीला बसलेल्या राजाराममहाराजांनाही सनदा वाटाव्याच लागल्या. पुन्हा दोन गिऱ्हाइके, पुन्हा तोच बाजार. वतनदार म्हणजे राज्यातले छोटे राजेच, त्यांना सांभाळावे पण वाढू देऊ नये, अशा आशयाचे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहिले ते या अनुभवाने पोळल्यावर.

जाधवांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १७५७ साली याच वंशातला रामचंद्र जाधव निजामाच्या बाजूने सिंदखेडला होता आणि विश्वासराव, दत्ताजी शिंदे यांच्या मराठी फौजांनी त्याला वेढा घातला होता. १८०४ साली जनरल वेलस्लीचा तळ सिंदखेडला पडला. मुलखात माणसे शेकड्यांनी भुकेने मरत आहेत आणि त्यांना विचारणारे सरकार म्हणून काही नाही, असे त्याने तेव्हा लिहिले. दोनशे वर्षांच्या तलवारबाजीचा खर्च कोणी सोसला याचे हे उत्तर. घराण्याची मुख्य शाखा देऊळगावराजाला होती. १८५१ साली बाजीराव जाधवांच्या पदरच्या अरबांची हैदराबादच्या कंटिंजंट फौजेशी चकमक झडली, त्याचा ठपका बाजीरावांवर आला, उत्पन्ने जप्त झाली आणि १८५६ साली ते कैदेत वारले, ते दौलताबादला. लखुजी जिथे पडले त्याच किल्ल्यात.

१८५३ साल दोन्हीकडे मोठे अपूर्व. त्या मे महिन्यात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करण्याच्या तहावर सही केली आणि जुलैत अमेरिकेचा कमोडोर पेरी काळी जहाजे घेऊन एदोच्या आखातात शिरला. वऱ्हाडात इंग्रजांनी रयतवारी मोजणी केली, साऱ्याचे काम देशमुखांकडून काढले आणि त्यांना रोख नेमणुका बांधून दिल्या. जपानात १८६८ साली शोगुनशाही गेली, १८७१ साली दाइम्योंच्या जहागिऱ्या सरकारजमा झाल्या, १८७६ साली सामुराईंचे पगार कर्जरोख्यांत बदलले आणि कमरेला तलवार लावण्याची बंदी झाली. पुढल्याच वर्षी सात्सुमा प्रांतातले सामुराई साइगो ताकामोरीच्या नेतृत्वाखाली बंड करून उठले. त्यांना ज्या नव्या फौजेने हरवले तीत सक्तीने भरती केलेली शेतकऱ्यांची पोरे होती. तीनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या घरातनं तलवारी काढून नेल्या होत्या त्यांचीच.

दाइम्योंना १८७१ नंतर आपापला मुलूख सोडून तोक्योत राहायला जावे लागले. ते गेलेही निमूटपणे. त्यांचे मूळ त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या उरलेच नव्हते. आमच्याकडचे देशमुख गावातच राहिले. गढ्या ढासळल्या, पांढरी माती लोकांनी घरे लिंपायला नेली, १९६२ च्या कायद्याने पाटलाचे वंशपरंपरागत पदही गेले. पण मेहकर तालुक्यातल्या कोणत्याही गावात पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभे राहा आणि पुढचा बैल कोणाचा, एवढे विचारून पाहा.